सोडून देणाऱ्यांचे विक्रम

अंटार्क्टिकाच्या जमिनीवर बाराही महिने राहणारा सर्वांत मोठा प्राणी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा आहे. बेल्जिका अंटार्क्टिका हे त्याचे शास्त्रीय नाव. चिलटांसारखा दिसणारा, पण पंख नसलेला हा कीटक दोन ते सहा मिलिमीटर लांब असतो. सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरच्या, म्हणजे भारताच्या चौपटीहून मोठ्या असलेल्या त्या खंडावर तो फक्त अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनारपट्टीतल्या आणि लगतच्या बेटांवरच्या शेवाळात व ओल्या मातीत सापडतो. पेंग्विन आणि सील त्याच्यापुढे प्रचंड असले, तरी त्यांचे अन्न समुद्रात आहे. जमीन किंवा बर्फ हा त्यांच्यासाठी केवळ विसाव्याचा आणि विणीचा आधार आहे. जमिनीवरच जन्मून, जमिनीवरच खाऊन तिथेच मरणाऱ्यांत या कीटकाहून मोठे त्या खंडावर कोणीही नाही.

प्राण्यांच्या विक्रमांविषयी वाचताना सहसा सर्वांत उंच, सर्वांत वेगवान, सर्वांत जड अशी विशेषणे समोर येतात आणि अंटार्क्टिकाकडेही असे विक्रम भरपूर आहेत. मात्र या खंडाविषयी मिळेल ते वाचत असताना माझे लक्ष हळूहळू दुसऱ्याच गोष्टीकडे वळत गेले. इथल्या जिवांचे विक्रम बहुतेक वेळा काहीतरी सोडून दिल्यामुळे घडलेले आहेत. कोणी पंख सोडले, कोणी रक्ताचा लाल रंग सोडला, कोणी घरटे आणि कित्येक महिन्यांचे अन्न सोडले. जे सोडले ते हवे तेव्हा पुन्हा मिळवता येईल, अशी स्थिती आता त्यांच्यापैकी कोणाचीच नाही. त्यांचा थक्क करणारा पराक्रम आणि त्यांची आजची असहायता ही मला एकाच गोष्टीची दोन अंगे वाटतात आणि म्हणूनच या प्राण्यांविषयी नुसत्या कौतुकाने लिहिणे मला अपुरे वाटते.

बेल्जिकाचेच पाहावे. रुमानियाचे जीवशास्त्रज्ञ एमिल राकोव्हित्सा यांनी १८९७ ते १८९९ या काळातल्या बेल्जियन मोहिमेत तो गोळा केला आणि त्या मोहिमेच्या जहाजाचेच नाव त्याला मिळाले. त्याचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे असते, पण त्यातला जवळजवळ सगळा काळ तो अळीच्या रूपात काढतो आणि वर्षाचे बरेच महिने गोठलेला असतो. शरीरातले सुमारे ७० टक्के पाणी निघून गेले तरी ही अळी मरत नाही. प्रौढ कीटकाला मिळतात ते उन्हाळ्यातले जेमतेम दहा दिवस, आणि तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालणे एवढेच त्याचे काम असते. पंख असते तर तिथल्या झंझावातांनी त्याला समुद्रात नेऊन टाकले असते, असे पंख गमावण्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. २०१४ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा तो अवघ्या ९ कोटी ९० लाख बेस-जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांचा, निघाला. तोवर वाचल्या गेलेल्या कीटकांच्या जनुकसंचांत तो सर्वांत लहान होता. इतर कीटकांच्या जनुकसंचात पुन्हापुन्हा येणारी जी लांबलचक पुनरावृत्ती आढळते, तीही त्याने जवळजवळ काढून टाकलेली आहे.

हे सारे घडले ते एकांतामुळे, आणि तो एकांत मुळापासूनचा नव्हता. अंटार्क्टिका एकेकाळी गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि भारतीय भूमी त्याला जोडलेली होती. माझे लहानपण चंद्रपूर भागात गेले. वर्धा खोऱ्यातला जो कोळसा त्या भागाचे अर्थकारण चालवतो, तो गोंडवन काळातल्या वनस्पतींपासून झालेला आहे आणि ग्लोसोप्टेरिस ही त्या काळची ओळख सांगणारी वनस्पती आहे. तिच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतही मिळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये ब्रिटिश मोहिमेचे प्रमुख रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे सहकारी मरण पावले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो खडक होते. अन्न संपत आलेले आणि अंगातली ताकद सरलेली असतानाही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या खडकांत ग्लोसोप्टेरिसचेच ठसे होते. त्यांच्यासोबत मेलेले डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक एडवर्ड विल्सन यांना त्या दगडांचे मोल नेमके ठाऊक होते. आपल्या विदर्भातल्या खाणी आणि तो हिमखंड यांच्यात असा सख्खा भूवैज्ञानिक संबंध आहे, हे मला शाळेत कोणी सांगितले असते तर भूगोल मी अधिक आवडीने वाचला असता.

पुढे भारत उत्तरेकडे सरकला, ऑस्ट्रेलिया दूर गेला आणि शेवटी दक्षिण अमेरिकेचे टोक अलग होऊन मधे ड्रेक सामुद्रधुनी उघडली. त्यानंतर खंडाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे अखंड फिरणारा सागरी प्रवाह तयार झाला. पृथ्वीवरचा हा सर्वांत मोठा प्रवाह आहे. जगातल्या सगळ्या नद्यांच्या एकत्रित पाण्याच्या शंभरपटीहून अधिक पाणी तो वाहून नेतो. सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी खंडावर मोठे हिमथर जमू लागले आणि आज त्याची सुमारे ९८ टक्के भूमी बर्फाखाली आहे. तरीही हा एकांत अभेद्य भिंतीसारखा होता असे समजणे चूक ठरेल. दक्षिणेकडील बेटांवरचे केल्प हे समुद्री शैवाल तरंगत तरंगत अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले, आणि त्यातल्या एका शैवालाने २० हजार किलोमीटरहून अधिक प्रवास केला होता. म्हणजे तिथे पोहोचणारे अधूनमधून पोहोचतच असणार. पोहोचल्यावर टिकून राहणे अशक्य होते आणि खरा अडसर थंडीचा होता. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आता कमी होत चालली आहे ती थंडीच.

सोडून देण्याची गोष्ट सर्वांत टोकाला गेली आहे ती आइसफिश या माशांमध्ये. दक्षिण महासागरात एक मासा असा आहे की ज्याचे रक्त पाण्यासारखे रंगहीन असते, असे नॉर्वेचे देवमासे मारणारे खलाशी सांगत असत, पण त्यांच्यावर विश्वास ठेवणे सोपे नव्हते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचे रक्त लाल असते, ही जीवशास्त्रातली अगदी प्राथमिक समजूत होती. अखेर योहान रूड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये तपासणी करून दाखवून दिले की या माशांच्या रक्तात हिमोग्लोबिन नाहीच. जगातल्या सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये प्रौढ वयात हिमोग्लोबिनविना जगणारे हे एकच कुळ आहे. प्राणवायू थंड पाण्यात अधिक विरघळतो आणि खवळलेल्या दक्षिण महासागरात तो मुबलक असतो. त्यामुळे रक्ताच्या द्रवात थेट विरघळलेल्या प्राणवायूवर या माशांचे भागते. पण त्यासाठी त्यांच्या शरीराला मोठी किंमत मोजावी लागते. हृदय नातेवाईक माशांच्या तुलनेत खूप मोठे, रक्तवाहिन्या रुंद, रक्ताचे प्रमाण कितीतरी अधिक, आणि एवढे रक्त फिरवत ठेवण्यासाठी सतत खर्च होणारी शक्ती. हिमोग्लोबिन जाणे हा फायदा होता, असे म्हणायला बरेच अभ्यासक आज तयार नाहीत. जनुक बिघडले, एरवी असा प्राणी मेला असता, पण त्या पाण्याने त्याला मरू दिले नाही, आणि मग बाकीच्या शरीराने लाखो वर्षांत त्या उणिवेभोवती स्वतःला नव्याने रचले, हे स्पष्टीकरण मला अधिक खरे वाटते. उत्क्रांतीला प्रत्येक वेळी एखादा सुज्ञ हेतू चिकटवण्याची आपली सवय या माशापुढे टिकत नाही.

त्या पाण्यात रक्त गोठत कसे नाही, याचे उत्तर जीवशास्त्रज्ञ आर्थर डीव्रीस यांनी १९६० च्या दशकात मॅकमर्डो खाडीतल्या माशांवर काम करून शोधले. खारे पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसला गोठते, तर सामान्य माशाचे रक्त त्याआधीच गोठते. अंटार्क्टिकाच्या माशांच्या शरीरात एक गोठणरोधक प्रथिन असते; ते बर्फाच्या सूक्ष्म कणांना चिकटते आणि त्यांना वाढू देत नाही. हे प्रथिन बनवणारे जनुक पचनाच्या एका जुन्या जनुकापासून तयार झाले, हे १९९७ मध्ये उलगडले. इतकी अद्भुत सिद्धता असलेले यांतले काही मासे पाणी सहा अंशांच्या आसपास गेले की मरतात. पाणी तापले असता शरीरातली प्रथिने सावरणारी जी यंत्रणा जवळजवळ प्रत्येक सजीवात असते, तीदेखील यांच्यापैकी काहींनी गमावलेली आहे. लाखो वर्षे पाणी कधी तापलेच नाही, म्हणून ती लागलीच नाही.

एम्परर पेंग्विनची कहाणी जगभर पोहोचली आहे, त्यामुळे त्याच्या उपवासाविषयी मी थोडक्यात लिहितो. मादी अंडे घालून समुद्राकडे निघून जाते आणि नर सुमारे ६५ दिवस ते अंडे पायांवर पोटाच्या घडीखाली सांभाळत ध्रुवीय रात्रीत उभा राहतो. विणीच्या जागेवर येण्यापासून मोजले तर त्याचा उपवास जवळजवळ चार महिन्यांचा होतो. मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी बाब. इतर पेंग्विन दगडांचे घरटे करतात किंवा निदान आपली जागा राखतात आणि तिच्यासाठी भांडतात. एम्पररने घरटे सोडले, त्याबरोबर जागेची मालकीही सोडली, आणि म्हणूनच हजारो नर एकमेकांना अगदी खेटून, आतबाहेर जागा बदलत, उणे ४० अंशांच्याही खालची थंडी एकत्र सोसू शकतात. प्रत्येकाला स्वतःचे अंडे एका ठरावीक जागी ठेवावे लागले असते, तर हा थवा जमलाच नसता. जगातला हा सर्वांत मोठा पेंग्विन पाण्यात शिरला की ५६४ मीटर खोल गेल्याची नोंद आहे आणि एका पक्ष्याने ३२ मिनिटांहून अधिक काळ श्वास रोखून धरल्याचेही नोंदवले गेले आहे. कोणत्याही पक्ष्याची याहून लांब बुडी नोंदली गेलेली नाही.

या पक्ष्याची अंडी मिळवण्यासाठी १९११ च्या ऐन हिवाळ्यात विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड हे तिघे अंधारात उणे ६० अंशांपर्यंत उतरलेल्या थंडीत क्रोझियर भूशिरापर्यंत गेले. हा सर्वांत आदिम पक्षी असावा आणि त्याच्या भ्रूणात पक्ष्यांचे सरपटणाऱ्या प्राण्यांशी असलेले नाते दिसेल, अशी विल्सन यांची अपेक्षा होती. तीन अंडी सुरक्षित आली. पण विल्सन आणि बॉवर्स पुढच्या वर्षी स्कॉटसोबत मेले, आणि ती अंडी लंडनच्या संग्रहालयात एकट्या चेरी-गॅरार्ड यांनी पोहोचवली. अपेक्षित उत्तर त्यातून मिळाले नाही. तरीही एखादा जीव समजून घेण्यासाठी माणसाने इतके सोसावे, याचे मोल माझ्या लेखी कमी होत नाही.

वेडेल सीलकडे फार कोणी लक्ष देत नाही. जगातल्या सर्व सस्तन प्राण्यांमध्ये, माणूस वगळता, सर्वांत दक्षिणेला राहणारा हा प्राणी समुद्रबर्फाच्या थराखाली हिवाळा काढतो आणि श्वासासाठी बर्फातली भोके दातांनी खरवडून उघडी ठेवतो. ९०० मीटरहून खोल आणि तासाहून अधिक काळ तो बुडी मारू शकतो, पण बर्फ खरवडून त्याचे दात झिजतात आणि दात गेले की त्याचे आयुष्यही आखडते.

आकाराचे विक्रम समुद्रात आहेत. २००७ मध्ये रॉस समुद्रात मासेमारीच्या दोरीला लागलेला कोलोसल स्क्विड ४९५ किलोंचा होता. त्याहून जड अपृष्ठवंशी प्राणी आजवर मोजला गेलेला नाही. हीच जात तिच्या स्वतःच्या खोल पाण्यात जिवंत चित्रित झाली ती थेट २०२५ मध्ये, तेही एक लहान पिल्लू. उत्तर ध्रुवाकडे वीण करून दक्षिणेच्या समुद्रबर्फाकडे येणारा आर्क्टिक सुरय वर्षाला सरासरी ७० हजार किलोमीटरहून अधिक उडतो. निळ्या देवमाशाविषयी लिहिताना मात्र हात जड होतो. आजवर मोजलेला सर्वांत लांब सस्तन प्राणी म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो सुमारे साडेतेहतीस मीटरचा निळा देवमासा १९०९ मध्ये साउथ जॉर्जिया बेटावर मोजला गेला, आणि मोजला गेला तो मारून किनाऱ्यावर ओढल्यावर. सर्वांत महाकाय प्राण्याचा विक्रम आपल्याला कत्तलखान्याच्या नोंदींतून मिळाला आहे. अभ्यासकांच्या अंदाजानुसार अंटार्क्टिकाच्या समुद्रात एकेकाळी सुमारे २ लाख ३९ हजार निळे देवमासे होते आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी ते सुमारे ३६० उरले होते. आता ते काही हजारांपर्यंत आले असले, तरी विक्रमांच्या याद्यांत त्यांच्या लांबीपुढे हा आकडा छापलेला मला कधी दिसला नाही.

देवमासे, सील आणि पेंग्विन यांच्या अन्नाच्या मुळाशी क्रिल आहे. सुमारे सहा सेंटिमीटरचा हा कोळंबीसारखा जीव आपल्या पिल्लावस्थेत समुद्रबर्फाच्या खालच्या बाजूला वाढणाऱ्या शैवालावर जगतो, आणि या एकाच जातीचे एकूण वजन कोट्यवधी टन भरते. या समुद्राच्या अन्नसाखळीच्या अभ्यासाशी मराठी माणसाचा थेट संबंध आहे. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या आणि पुणे विद्यापीठात शिकलेल्या सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह त्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. आपल्याकडे त्यांचे नाव ‘पहिल्या महिला’ एवढ्यापुरते घेतले जाते, त्यांनी त्या पाण्यातल्या जिवांवर केलेल्या कामाविषयी कोणी विचारत नाही, याची मला खंत वाटते. आज भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांचे संचालन करणारे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रही गोव्यातच, वास्कोला आहे.

आता एकांत सैल होत आहे, आणि तो कसा सैल होतो याचे एक उदाहरण मला फार अस्वस्थ करते. अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर १९६० च्या दशकात वनस्पतींच्या एका प्रयोगासाठी साउथ जॉर्जियाहून माती आणि रोपे आणली गेली आणि त्यांच्यासोबत एरेटमॉप्टेरा मर्फी हा बेल्जिकाचाच न उडणारा भाऊबंद आला. तो तिथे टिकला, वाढला, आणि माणसांच्या बुटांना लागलेल्या मातीतून पसरत राहिला. शेवाळाचा कुजका भाग खाऊन तो मातीतल्या नायट्रोजनचे प्रमाण इतके वाढवतो की जिथे आजवर फक्त दोन देशी फुलझाडे तग धरून होती, त्या भूमीत बाहेरच्या वनस्पतींची वाट सोपी होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जियाच्या पक्ष्यांत आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरच्या स्कुआ पक्ष्यांत घातक बर्ड फ्लू निश्चित झाला. एम्परर पेंग्विनच्या हॅली उपसागरातल्या वसाहतीत २०१६ मध्ये पिल्लांना पाणी न शिरणारी पिसे येण्याआधीच समुद्रबर्फ फुटला. पुढची वर्षे तिथे वीण जवळजवळ झालीच नाही. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रातल्या पाचपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू वाचले नसावे, असे उपग्रहचित्रांवरून दिसले. ज्या पक्ष्याने घरटे सोडले त्याच्यापाशी बर्फाखेरीज दुसरी जमीन नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये जर्मनीचे संशोधन जहाज पोलारस्टर्न वेडेल समुद्रात सुमारे ५०० मीटर खोलीवर कॅमेरा ओढत असताना तळावर वर्तुळाकार खळगे दिसू लागले आणि ते तास उलटले तरी संपेनात. प्रत्येक खळगा आइसफिशचे घरटे होता, बहुतेकांत सरासरी १,७०० च्या आसपास अंडी आणि त्यांवर पहारा देणारा एक मासा. निदान २४० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या अशा घरट्यांची संख्या सुमारे ६ कोटी असल्याचा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. माशांची एवढी मोठी वीणवसाहत जगात दुसरी माहीत नाही. लाल रक्त गमावलेल्या, उबदार पाणी न सोसणाऱ्या माशांच्या कुळातली ही जात, आणि तिने पृथ्वीवरची सर्वांत मोठी अशी वस्ती उभी केली आहे.

हा वेडेल समुद्र संरक्षित क्षेत्र करावा, असा प्रस्ताव अंटार्क्टिक सागरी सजीव संपदेच्या संवर्धनासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे २०१६ पासून आहे. त्याच वर्षी रॉस समुद्राचे क्षेत्र संमत झाले, पण इथे सर्व सदस्यांचे एकमत लागते आणि ते अजून झालेले नाही. भारत या आयोगाचा सदस्य आहे आणि २०२१ मध्ये त्याने वेडेल समुद्र व पूर्व अंटार्क्टिका या दोन्ही प्रस्तावांना पाठिंबा जाहीर केला आहे. पहिली मोहीम गेली तेव्हापासून चार दशके जो देश तिथे विज्ञानाच्या नावाने उभा आहे, त्या देशाने दरवर्षीच्या बैठकीत हा पाठिंबा कागदावर न ठेवता नेटाने लावून धरावा, आणि मराठी वृत्तपत्रांनी त्या बैठकीचा निकाल निदान एका बातमीपुरता तरी छापावा, एवढी माझी मागणी आहे.